काळं-पांढरं घर: प्रमाण, छटा आणि प्रत्यक्ष काम

काळा आणि पांढरा असे दोनच रंग वापरायचे म्हटलं की काम सोपं वाटतं. जुळवाजुळव नाही, छटांचा घोळ नाही. प्रत्यक्षात मात्र हेच सजावटीतलं सर्वांत कडक काम आहे. रंगीत खोलीत एखादी चूक इतर रंगांत मिसळून जाते. इथे वाकडी गेलेली कड, पिवळट पडलेला पांढरा, चुकीचा दिवा, सगळं पहिल्या नजरेत दिसतं. म्हणून रंगाचा डबा किंवा फरशी घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: या खोलीत राज्य कोणाचं, पांढऱ्याचं की काळ्याचं? दोघांना सारखा वाटा दिला की नजर कुठेच टेकत नाही आणि खोलीत बसलेलं माणूस उगाच अस्वस्थ होतं.

ही फॅशन अधूनमधून नव्याने येते, पण ती जुनी आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी रंगवलेल्या खोल्यांत काळ्या-पांढऱ्या संगमरवरी चौकटींची जमीन सारखी दिसते. १९०३ मध्ये व्हिएन्नात योसेफ हॉफमन आणि कोलोमन मोझर यांनी स्थापन केलेल्या ‘वीनर वेर्कष्टेटे’ या कारागीर-संस्थेने पांढरी पार्श्वभूमी आणि काळे चौकोन ही आपली ओळखच करून टाकली. त्यांच्या कामात आजही शिकण्यासारखं आहे ते पार्श्वभूमीचं मोकळेपण: एका रंगाला भरपूर जागा आणि दुसऱ्याला नेमकं काम.

प्रमाण आधी मोजा

पांढरं ७०, काळं २० आणि तिसरं काहीतरी १० टक्के हे सुरुवातीला धरायला चांगलं प्रमाण आहे. तिसरं म्हणजे लाकूड, वेत, पितळ, राखाडी कापड किंवा झाडांचा हिरवा. काळ्याचं राज्य हवं असेल तर पहिले दोन आकडे उलटे करा, पण तिसरा वाटा तेव्हा १५ टक्क्यांपर्यंत वाढवा आणि तेवढंच बाकीच्यातून कमी करा. काळ्या खोलीला उबेची जास्त गरज असते.

टक्के अंदाजाने धरू नका. ३ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब आणि २.७ मीटर उंच खोली घ्या. चारही भिंती मिळून साधारण ३५.६ चौरस मीटर, छत १०.८ आणि जमीन १०.८, म्हणजे एकूण ५७ चौरस मीटरच्या आसपास. आता ३ मीटरची एक आखूड भिंत काळी केली तर ती ८.१ चौरस मीटर होते, म्हणजे एकूण पृष्ठभागाच्या १४ टक्के. त्यात १.६ बाय २.३ मीटरचा काळा गालिचा टाकला की आणखी साडेसहा टक्के. वीस टक्क्यांचा वाटा इथेच संपला. यावर काळा सोफा, काळे पडदे आणि काळं कपाट आणलं की खोली अंधारून जाते आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. एवढा हिशोब कागदावर केला तरी निम्मी चुकीची खरेदी टळते.

काळं कुठे ठेवायचं यालाही महत्त्व आहे. सगळं काळं एका कोपऱ्यात जमलं की खोली त्या बाजूला झुकल्यासारखी वाटते. किमान तीन ठिकाणी आणि तीन वेगवेगळ्या उंचीवर काळं यायला हवं: खाली टेबलाचे पाय किंवा स्कर्टिंग, मध्ये एखादी चौकट किंवा खुर्ची, वर दिव्याची कडी किंवा पडद्याचा दांडा. या तीन जागा जोडल्या तर त्रिकोण झाला पाहिजे. त्या एका रेषेत आल्या तर एक जागा बदला.

तपासायची सोपी पद्धत म्हणजे खोलीचा फोटो काढून फोनमधल्या कृष्णधवल फिल्टरने बघणे. रंग निघून गेले की फक्त उजेड-अंधाराचे गट उरतात. फोटोत ठार पांढरं आणि ठार काळं एवढंच दिसत असेल, मधला राखाडी कुठेच नसेल, तर लाकूड, विणलेलं कापड किंवा राखाडी गालिचा आणायची वेळ झाली आहे. डोळे बारीक करून बघितलं तरी हेच कळतं, पण फोटो जास्त प्रामाणिक असतो.

पांढरा निवडणं हे अर्धं काम

काळ्याच्या शेजारी ठेवल्यावर पांढऱ्यातली छुपी छटा उघडी पडते. दुकानातल्या पट्टीवर जो नुसता ‘पांढरा’ वाटतो तो घरी निळसर, पिवळसर, गुलाबी किंवा हिरवट निघतो. रंगाच्या माहितीपत्रकात ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा असतो. पृष्ठभाग किती उजेड परत टाकतो ते तो ० ते १०० मध्ये सांगतो. स्वच्छ पांढरे साधारण ८५ ते ९२ मध्ये येतात, मोतिया आणि दुधी ७५ ते ८५ मध्ये, भिंतीचे काळे ३ ते ८ मध्ये. थेट ऊन न येणाऱ्या खोलीतला उजेड मुळातच निळसर असतो, तिथे किंचित पिवळसर पांढरा घ्या. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत तटस्थ किंवा अगदी हलका राखाडी पांढरा चालतो. तिथे ९० च्या वरचा पांढरा दुपारी डोळ्यांवर येतो.

चाचणीसाठी भिंतीवर ठिपका लावू नका, कारण जुन्या रंगाच्या शेजारी नवा खरा दिसत नाही. सुमारे ३० बाय ४० सेंटीमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि तो पुठ्ठा उभा धरून फरशी, सोफा आणि दाराच्या शेजारी बघा. टेबलावर आडवा ठेवलेला नमुना छताकडून उजेड घेतो, त्यामुळे भिंतीपेक्षा उजळ दिसतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, असा तीनदा बघा. तुलनेला छपाईचा कागदही वापरू नका. त्यात उजळपणा आणणारी रसायनं असल्याने तो निळसर असतो आणि त्याच्या शेजारी कोणताही पांढरा पिवळा वाटतो. पांढऱ्याची तुलना पांढऱ्याशीच करा: तीन-चार पुठ्ठे शेजारी ठेवले की छटा आपोआप वेगळ्या पडतात.

भिंत, छत आणि दारांच्या चौकटी यांना एकच पांढरा द्यावा आणि फरक चमकीत ठेवावा: छत मॅट, भिंत मॅट किंवा हलकी चमक, लाकूड अर्धचमक. दोन वेगळे पांढरे हवेच असतील तर फरक ठळक ठेवा. किंचित फरक हा फरक वाटत नाही, मळ वाटतो. दारं-चौकटींना पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. तेलकट पांढरा इनॅमल अंधाऱ्या जागी, विशेषतः कपाटाच्या आत आणि दाराच्या मागे, हळूहळू पिवळा पडतो. काही काळाने तोच पिवळा काळ्या कडीच्या शेजारी ठळक दिसतो.

काळ्याची छटा

काळाही एक नसतो. काही काळे निळे, काही तपकिरी, काही हिरवट असतात. डब्यात बघून हे कळत नाही. एक चमचा काळा दहा चमचे पांढऱ्यात मिसळा, जो राखाडी तयार होईल त्यात काळ्याची मूळ छटा स्पष्ट दिसते. ऊबदार लाकूड आणि पितळ असेल तिथे तपकिरीकडे झुकणारा काळा बसतो, तर स्टील, काच आणि सिमेंटच्या पृष्ठभागांशी निळसर काळा जमतो. पांढरा पिवळसर आणि काळा निळसर ही जोडी टाळा. दोन्ही वेगवेगळे चांगले असतात, एकत्र आले की पांढरा जुनाट दिसतो.

मोठ्या भिंतीला काळाकुट्ट घेण्यापेक्षा कोळशाकडे जाणारा, एलआरव्ही ५ ते ८ असलेला काळा घ्यावा. डोळ्याला तो काळाच दिसतो, पण त्यावर सावल्या उमटतात आणि भिंतीला गहिरेपण येतं. काळाभोर राखून ठेवा छोट्या वस्तूंसाठी: चौकटी, कड्या, दिव्याचे दांडे, खुर्चीचे पाय.

आता प्रश्न कोणती भिंत काळी करायची हा. लांबट खोलीच्या टोकाची आखूड भिंत काळी केली की ती जवळ आल्यासारखी वाटते आणि खोली नीट आकाराची दिसते. लांब भिंत काळी केली तर उलट बोगदा होतो. टीव्हीच्या मागची भिंत काळी करणं हा या सजावटीतला सर्वांत उपयोगी निर्णय: बंद टीव्हीचा पडदा भिंतीत विरून जातो, एरवी पांढऱ्या भिंतीवर तो भोकासारखा दिसतो. खिडकी असलेली भिंत काळी करताना थांबा. दिवसा खिडकीतला प्रखर उजेड आणि भोवतीचा काळोख यांतला फरक डोळ्यांना थकवतो. तिथे फक्त खिडकीची चौकट काळी करा. ती नजरेला बाहेरच्या दृश्याकडे नेते.

काळी भिंत रंगवताना

काळा रंग भिंतीचे दोष लपवतो हा गैरसमज आहे. मॅट काळा थोडे लपवतो, चमकदार काळा आरशासारखा सगळे दाखवतो. पुट्टी भरून आधी १८० आणि मग २२० नंबरच्या घासकागदाने घासा, तोंडाला मास्क लावूनच. मग खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवल्यासारखी आडवी धरा. उंचवटे आणि खड्डे सावलीने उठून दिसतील, त्यांना पेन्सिलने खूण करा आणि पुन्हा पुट्टी भरा. धूळ ओल्या कापडाने पुसून भिंत वाळू द्या. धुळीवर चढवलेला काळा नंतर सालपटासारखा निघतो.

प्रायमर राखाडी घ्या. पांढऱ्या प्रायमरवर काळ्याचा पहिला हात ठिगळांसारखा बसतो आणि पुढे जरा ओरखडा पडला की खालचा पांढरा चमकतो. दुकानात प्रायमरमध्येच राखाडी रंगद्रव्य घालून मिळतं.

८.१ चौरस मीटरच्या भिंतीला, एका लिटरमध्ये एका हाताचे १० चौरस मीटर धरले, तर दोन हातांना १.६ लिटर आणि तीन हातांना जवळजवळ अडीच लिटर लागतो. तिसऱ्या हाताची तयारी ठेवून एकदाच घ्या आणि डबे एकापेक्षा जास्त असतील तर सगळा रंग मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा. गडद छटेत दोन डब्यांमधला बारीक फरकही भिंतीच्या मधोमध रेघ पाडतो.

कडा ब्रशने कापा, पण चारही कडा एकदम कापून मग रोलर फिरवायला जाऊ नका. तोवर कड वाळते आणि चौकटीसारखी वेगळी दिसते. एका वेळी मीटरभर कड कापायची, लगेच रोलर, मग पुढचा मीटर. सुमारे ९ मिलिमीटर लवीचा रोलर पुरे. लांब लवेने संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो आणि काळ्यावर तो फार जाणवतो. प्रत्येक पट्ट्यात शेवटचा फेरा वरून खाली एकाच दिशेने, जोर न देता. ओली धार सुटता कामा नये, म्हणून पंखा बंद ठेवा, भिंतीवर ऊन येत असताना काम करू नका आणि एक भिंत एका दमात संपवा. मध्ये विश्रांती घ्यायचीच तर कोपऱ्यात पोचल्यावर घ्या.

दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, दमट हवेत तो दीडपट धरा. घाई केली की खालचा थर रोलरला चिकटून उचलला जातो.

नंतरच्या तक्रारी बहुतेक दोन असतात. एक, मॅट काळ्यावर खुर्चीची पाठ किंवा हात सारखा घासला की तिथे चकाकी येते. ती पुसून जात नाही, कारण पृष्ठभागच गुळगुळीत झालेला असतो. ये-जा असलेल्या ठिकाणी म्हणून धुता येणारा मॅट किंवा हलकी चमक घ्या. दुसरी, ओरखड्यावर ब्रशने रंग टेकवला की तो ठिपका वेगळ्या चमकीने कायमचा दिसतो. काळ्या भिंतीवर डागडुजी करायची तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रोलरने करावी. उरलेला रंग त्यासाठीच झाकण घट्ट लावून, शेड क्रमांक आणि चमकीचं नाव लिहून ठेवा.

पट्टे

भिंतीवर काळे-पांढरे पट्टे हवे असतील तर रुंदीचा विचार आधी, टेपचा नंतर. बारीक आणि ठळक पट्टे डोळ्यांना त्रास देतात. हा त्रास सर्वांत जास्त होतो तो नजरेच्या एका अंशात तीनेक काळ्या-पांढऱ्या जोड्या येतात तेव्हा. दोन मीटरवरून बघताना एक अंश म्हणजे साधारण साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे सहा-सहा मिलिमीटरचे पट्टे दोन मीटरवर, आणि बारा-बारा मिलिमीटरचे चार मीटरवर सर्वांत वाईट. कुणाला डोकं दुखतं, कुणाला पट्टे हलताना दिसतात, आणि प्रकाशाने किंवा ठळक आकृत्यांनी अपस्माराचा झटका येऊ शकणाऱ्या व्यक्तीला असे पट्टे धोक्याचे ठरू शकतात. खोलीत भिंतीवर किंवा मोठ्या पडद्यावर १५ सेंटीमीटरपेक्षा बारीक पट्टे घेऊच नयेत. बारीक पट्टे उशीच्या अभ्र्यावर शोभतात.

पट्ट्यांची संख्या विषम ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना एकच रंग येतो. ३६० सेंटीमीटरच्या भिंतीला १५ ने भागलं की २४ सेंटीमीटरचे पट्टे मिळतात: आठ पांढरे आणि सात काळे, दोन्ही कोपऱ्यांत पांढरा. सात काळ्या पट्ट्यांचं क्षेत्र २.७ मीटर उंचीला साडेचार चौरस मीटर, दोन हातांचे नऊ. एक लिटर काळा जेमतेम पुरतो.

आधी सगळी भिंत पांढरी करा आणि पूर्ण २४ तास वाळू द्या. आडव्या खुणा मोजपट्टीने, उभ्या रेषा ओळंब्याने किंवा लेझरने घ्या. कोपऱ्यापासून मोजत रेषा मारत गेलात तर कोपऱ्याचा तिरपेपणा सगळ्या पट्ट्यांत उतरतो. मास्किंग टेप काळ्या पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे पट्टा पूर्ण २४ सेंटीमीटरचा येईल. टेपची कड नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळं काम तिच्यावरच अवलंबून असतं: टेपच्या कडेवरून त्याच पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात फिरवा. टेपखाली झिरपायचं ते पांढरंच झिरपतं आणि फट बुजते. ते वाळल्यावर काळ्याचे दोन पातळ हात द्या. दुसरा हात अजून किंचित ओलसर असताना टेप ४५ अंशांत, संथपणे, भिंतीला लागून मागे ओढा. रंग पूर्ण वाळल्यावर टेप ओढली तर काळ्याची कड तिच्याबरोबर तुटून येते. तसं होताना दिसलं तर तिथेच थांबून कडेवर धारदार कटर हलकेच फिरवा आणि मग पुढे ओढा.

चौकटीची जमीन

काळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या जमिनीत रंगापेक्षा मापं बिघडतात. त्याच खोलीत, म्हणजे ३ बाय ३.६ मीटरमध्ये, ३० सेंटीमीटरच्या फरश्या कागदावर १० आणि १२ नेमक्या बसतात: एकूण १२०, साठ काळ्या आणि साठ पांढऱ्या. पण सांधा २ मिलिमीटरचा धरला की दहा फरश्या आणि नऊ सांधे मिळून ३०१.८ सेंटीमीटर होतात, शिवाय भिंतीशी ५ मिलिमीटरची फट सोडायलाच हवी. म्हणजे दोन्ही बाजूंच्या फरश्या साधारण दीड-दीड सेंटीमीटर कापाव्या लागतात. हे आधी लक्षात आलं नाही तर एका बाजूला पूर्ण फरशी आणि दुसऱ्या बाजूला कापलेली येते, आणि चौकटीत ते दारातूनच दिसतं. कापाकापीसाठी सरळ मांडणीत १० टक्के, तिरप्या मांडणीत १५ टक्के जादा घ्या. म्हणजे १३२ किंवा १३८, दोन्ही रंगांत निम्म्या.

खरेदीच्या वेळी खोक्यावरचा शेड क्रमांक आणि कॅलिबर (फरशीच्या प्रत्यक्ष मापाचा आकडा) दोन्ही बघा. काळी आणि पांढरी फरशी वेगवेगळ्या घाण्यातली असते, दोघींच्या प्रत्यक्ष मापात मिलिमीटरभर फरक असू शकतो. एका फरशीला तो कळत नाही, पण दहाव्या फरशीपर्यंत सांधे सरकलेले असतात. दहा काळ्या आणि दहा पांढऱ्या ओळीने लावून लांबी मोजा. जाडीही ताडून बघा.

नैसर्गिक दगड वापरणार असाल तर पांढरा संगमरवर आणि काळा ग्रॅनाइट एकत्र लावू नका. ग्रॅनाइट कितीतरी कठीण असतो, त्यामुळे घासाई करताना आणि नंतर वापरातही संगमरवर जास्त झिजतो आणि पायाला कडा लागू लागतात. काळा दगडही संगमरवरच घ्या किंवा दोन्ही विट्रिफाइड घ्या. पांढऱ्या संगमरवराखाली चिकटवायला पांढरंच मिश्रण वापरा, करड्याची सावली वर दिसते.

समोरासमोरच्या भिंतींचे मध्यबिंदू जोडून दोन सुतं मारा. ती काटकोनात आहेत का ते ३-४-५ ने तपासा: एका सुतावर ९० सेंटीमीटर, दुसऱ्यावर १२०, दोन खुणांमधलं तिरपं अंतर १५० आलं पाहिजे. काटकोन आला की मधल्या दोन ओळी कोरड्याच मांडून बघा. भिंतीजवळचा तुकडा अर्ध्या फरशीपेक्षा लहान पडत असेल तर सुतावर सांध्याऐवजी फरशीचा मध्य आणा, तुकडा मोठा होतो. अरुंद खोलीत ४५ अंशांची तिरपी मांडणी रुंदीचा भास देते, पण कापाकापी भरपूर आणि कारागीर सराईत हवा.

सांध्यांना मध्यम राखाडी ग्राउट भरा. पांढरा ग्राउट काही महिन्यांत मळतो, आणि काळ्या सिमेंट ग्राउटवर क्षारांची पांढरट बुरशीसारखी साय येते. शिवाय काळ्याचं रंगद्रव्य पांढऱ्या दगडाच्या बारीक छिद्रांत शिरून कडा कायमच्या करड्या करतं. सच्छिद्र दगडाला ग्राउटच्या आधी सीलर लावा आणि उरलेल्या दोन तुकड्यांवर चाचणी घ्या. इपॉक्सी ग्राउट असेल तर लगेच पुसा, वाळल्यावर त्याचा थर काळ्या फरशीवरून निघता निघत नाही.

आधीची जमीन तशीच ठेवायची असेल तर चौकटीचा गालिचा हा चांगला मार्ग आहे. एका खोलीत मात्र ठळक आकृती एकच ठेवा. चौकटीची जमीन असेल तिथे पट्ट्यांचे पडदे नकोत.

दिवे

काळी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला पाचेक टक्केच परत देते, पांढरी पंच्याऐंशीच्या वर. म्हणून एक भिंत काळी केल्यावर आधीचे दिवे अपुरे पडतात. मधला दिवा जास्त प्रखर करण्यापेक्षा दिव्यांची संख्या वाढवा: एक छताला, एक उभा दिवा कोपऱ्यात, एक काळ्या भिंतीवरून खाली घासत जाणारा. तो घासता उजेड मॅट भिंतीवर सुंदर दिसतो आणि पुट्टीचे खड्डेही दाखवतो, म्हणून टॉर्चची तपासणी आधी सांगितली.

बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे घ्या. केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा: कमी असेल तर उजेड पिवळसर, जास्त असेल तर निळसर. ४००० च्या वर गेलं की काळं-पांढरं घर दवाखान्यासारखं वाटू लागतं. एका खोलीत सगळे बल्ब एकाच केल्विनचे हवेत, नाहीतर एकाच भिंतीचा पांढरा दोन ठिकाणी दोन दिसतो. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते १०० पैकी सांगणारा आकडा) ९० किंवा जास्त असलेले एलईडी घेतले तर लाकूड आणि झाडं मेलेली दिसत नाहीत.

कापड, धातू आणि चौकटी

काळं कापड घेताना पांढरा ओला रुमाल त्यावर दहा वेळा घासून बघा. रंग उतरला तर ते पांढऱ्या सोफ्याजवळ आणू नका. पांढऱ्या किनारीची काळी उशी तर मुळीच धुऊ नका, किनार राखाडी होते. उन्हात काळा सुती पडदा तांबूस पडतो. धागा बनतानाच रंगवलेलं पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिक कापड जास्त टिकतं. पांढरा सोफा घ्यायचा तर खोळी काढून धुता येणारा घ्या आणि विणकाम घट्ट हवं. काळ्या मखमलीवर धूळ, तंतू, प्राण्यांचे केस सगळं दिसतं, जाडसर विणीच्या काळ्यावर कमी.

काळे मॅट नळ आणि कड्या घेताना लेप कोणता ते विचारा. पीव्हीडी (निर्वात पेटीत धातूच्या वाफेने चढवलेला पातळ थर) लेप पावडर कोटिंगपेक्षा चिवट असतो. पाणी जड असेल तर पांढरे डाग पडतातच. ते रोज कोरड्या कापडाने पुसणं हाच उपाय, आम्ल असलेलं किंवा खरखरीत क्लीनर लेप खातं. संगमरवरालाही लिंबू, व्हिनेगर चालत नाही. काळ्या संगमरवरावर त्यांचे निस्तेज डाग पांढऱ्यापेक्षा ठळक उमटतात.

चित्रांच्या काळ्या चौकटींची भिंत करताना सगळ्या चौकटी आधी कागदातून कापून टेपने लावा. समूहाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, दोन चौकटींत ५ ते ७ सेंटीमीटर, आणि सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून १५ ते २० सेंटीमीटर सोडा. समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश असावी. आतला पांढरा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) किमान ५ सेंटीमीटरचा, खालच्या बाजूला सेंटीमीटरभर जास्त. सारखा ठेवला तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. माउंटचा पांढरा भिंतीच्या पांढऱ्याशी ताडून घ्या, चौकटीच्या आत पिवळा माउंट फार खटकतो.

उन्हात असलेलं बाहेरचं दार काळं करण्याआधी ते कशाचं आहे ते बघा. काळा पृष्ठभाग उन्हात खूप तापतो. साधा पांढरा यूपीव्हीसी (दार-खिडक्यांचं कडक प्लॅस्टिक) वरून काळा रंगवला तर वाकू शकतो, आणि लाकडी दाराचे सांधे उघडू शकतात. अशा ठिकाणी कारखान्यातून काळी आलेली अॅल्युमिनियमची चौकट योग्य.

पुन्हा पांढरं करायचं झालं तर

काळी भिंत पुन्हा पांढरी करता येते, पण थेट पांढरा मारत बसू नका. चार हात देऊनही राखाडी झाक उरते. आधी २२० च्या घासकागदाने चमक मोडा, भिंत पुसा आणि चांगल्या झाकणशक्तीच्या पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. पहिल्या हातानंतर भिंत ढगाळ दिसेल, दुसऱ्या हातानंतर जवळजवळ एकसारखी व्हायला हवी. तशी झाली नाही तर तिसरा हातही प्रायमरचाच द्या, तो रंगापेक्षा स्वस्त पडतो. त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात पुरतात. काळे पट्टे असतील तर टेपच्या कडेला रंगाची बारीक उंचवट रेघ राहिलेली असते. ती हाताने चाचपून घासून सपाट करा, नाहीतर पांढऱ्या भिंतीवर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात जुने पट्टे दिसत राहतात.